स्वदेशी आवाजाचे व्यापारी : हेमेंद्रमोहन बोस

गणपती बसले की मंडपात सकाळ-संध्याकाळ आरत्या लागतात. कुणीतरी मोबाइलवर बोट ठेवतो आणि पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज स्पीकरमधून येऊ लागतो. गाणारे आज हयात नसले तरी आवाज आहे, आणि त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की हा आवाज कुणी, कशावर आणि कोणाच्या मालकीचा म्हणून साठवला, असा प्रश्नही मनात येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हा प्रश्न एका भारतीय माणसाला पडला. त्याने त्यासाठी स्वतःचा पैसा ओतला आणि परदेशी कंपन्यांच्या बाजारात स्वतःच्या नावाची रेकॉर्ड विकली. स्मरणिकेत दरवर्षी एक चरित्र देण्याच्या प्रथेनुसार यंदा आम्ही त्याचे चरित्र देत आहोत. ते म्हणजे कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस, अर्थात ‘एच. बोस’.

सुरतेच्या मराठी मंडळींनी एका बंगाली व्यापाऱ्याची आठवण का काढावी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच गावात आहे. डिसेंबर १९०७ मध्ये याच तापीकाठी काँग्रेसचे अधिवेशन भरले. ते आधी नागपूरला व्हायचे होते, पण जहाल-मवाळांच्या ओढाताणीत सुरतेला हलवले गेले. लोकमान्य टिळक इथे आले, बंगालमधून अरविंद घोष आले, अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचे नाव होते. पुढे मंडपात जोडे आणि खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस दुभंगली. ती घटना आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या भांडणाच्या मुळाशी स्वदेशी आणि बहिष्कार यांचा आग्रह किती ताणायचा, हा वाद होता. ज्या लाटेने सुरतेचा मंडप हलवला त्याच लाटेवर हेमेंद्रमोहनांची रेकॉर्ड कंपनी उभी राहिली. महाराष्ट्र आणि बंगाल त्या काळात एकाच श्वासाने बोलत होते.

हेमेंद्रमोहनांचा जन्म १८६४ च्या सुमारास पूर्व बंगालमधील मैमनसिंह जिल्ह्यातल्या जयसिद्धी गावच्या बोस घराण्यात झाला. घराणे सुशिक्षित आणि ब्राह्मो समाजाच्या वातावरणातले. काका आनंदमोहन बोस हे केंब्रिजचे पहिले भारतीय रँग्लर. आपल्याकडे रँग्लर म्हटले की रघुनाथराव परांजपे आठवतात, पण आनंदमोहनांनी तो मान त्यांच्याही पाव शतक आधी, १८७४ मध्ये मिळवला होता. पुढे १८९८ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. अशा घरातल्या मुलाने वकील, डॉक्टर किंवा सरकारी अधिकारी व्हावे हे ठरलेलेच. हेमेंद्रमोहनही कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले. पण प्रयोगशाळेत काम करताना आम्ल डोळ्यांत उडाले, बरेच दिवस इस्पितळात काढावे लागले. डोळे वाचले, पण डॉक्टरकी तिथेच संपली.

मग या तरुणाने जे केले ते त्या काळच्या भद्र बंगाली घराला कमीपणाचे वाटावे असे होते. त्याने केसांना लावायचे तेल विकायला घेतले. १८९० च्या आसपास ‘कुंतलीन’ हे सुगंधी तेल बाजारात आले आणि पाठोपाठ ‘देलखोश’ नावाचे अत्तर. रसायनाचे शिक्षण अर्धवट राहिले असले तरी नाक आणि हात तयार होते. कुंतलीन घराघरांत पोचले आणि विलायती तेला-अत्तरांच्या बाटल्यांशेजारी एक देशी बाटली मानाने उभी राहिली.

माल चांगला असून भागत नाही, तो लोकांच्या तोंडी बसावा लागतो, हे हेमेंद्रमोहनांना पक्के कळले होते. १८९६ मध्ये त्यांनी ‘कुंतलीन पुरस्कार’ ही कथास्पर्धा सुरू केली. अट मजेदार होती : गोष्टीत कुंतलीन आणि देलखोश यांचे नाव आले पाहिजे, पण ती जाहिरात वाटता कामा नये. पहिल्याच वर्षी बक्षीस मिळाले ते शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला. तिच्यात समुद्रावर येऊ घातलेले वादळ तेलाच्या बाटलीने शांत होते. बंगाली विज्ञानकथेचा इतिहास सांगताना आजही या कथेपासून सुरुवात करतात. काही वर्षांनी एका नवख्या लेखकाने आपल्या मामाच्या नावाने ‘मंदिर’ ही कथा पाठवली आणि ती बक्षिसपात्र ठरली. तो लेखक म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्याय. ‘देवदास’, ‘श्रीकांत’ आपल्याकडच्या किती पिढ्यांनी मराठीतून वाचले आहेत! त्यांची पहिली छापली गेलेली कथा एका तेलाच्या स्पर्धेतून आली, ही गोष्ट हेमेंद्रमोहनांच्या व्यापारी बुद्धीबद्दल पुरेसे सांगते.

नव्या यंत्राचे त्यांना विलक्षण वेड होते. सायकल आली तर त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि स्वतः शिकून जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र रॉय, डॉक्टर नीलरतन सरकार अशा मोठमोठ्या मंडळींना सायकल शिकवली. मोटार आली तर मोटारींची कंपनी काढली. स्वतःचा ‘कुंतलीन प्रेस’ हा छापखाना होता. रंगीत छायाचित्राच्या काचा युरोपात निघाल्या तेव्हा त्याही त्यांनी मागवून वापरून पाहिल्या. पत्नी मृणालिनी या उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या भगिनी. उपेंद्रकिशोर म्हणजे सुकुमार राय यांचे वडील आणि सत्यजित राय यांचे आजोबा. छपाई, चित्रकला, संगीत आणि यंत्र या चारही गोष्टी त्या दोन्ही घरांत एकत्र नांदत होत्या.

अशा माणसाच्या हाती एडिसनचा फोनोग्राफ पडला. एडिसनने हे यंत्र १८७७ मध्ये बनवले होते. पुढे सुधारून त्यावर मेणाचे नळकांडे बसवत. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाने पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर रेघ कोरायची. वीज नाही, मायक्रोफोन नाही. साधारण दोन मिनिटांत गाणे आटोपायचे. पण या यंत्रात एक मोठी सोय होती. त्याच यंत्रावर आवाज ऐकताही येई आणि भरताही येई. तबकडीचा ग्रामोफोन घरी फक्त वाजवायचा, त्यात आवाज भरायला कंपनीचे साहेबच यावे लागत. फोनोग्राफ असलेला माणूस मात्र आपल्या बैठकीत बसून आवाज टिपू शकत होता. हेमेंद्रमोहनांनी नेमके हेच हेरले. हौस म्हणून मित्रांचे आणि नातेवाइकांचे आवाज टिपता टिपता त्यांच्या लक्षात आले की यात व्यापारही आहे आणि देशकार्यही.

त्याच सुमारास दुसरी बाजूही तयारीत होती. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात उतरला. त्याने हॉटेलच्या खोल्यांत यंत्रे मांडून गौहरजान आणि इतरांची पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे केली. मूळ मुद्रणे जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेली आणि तिथे छापलेल्या तबकड्या बोटीने परत येऊन हिंदुस्थानात विकल्या जाऊ लागल्या. तबकडी बनवायला लागणारी लाख मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशातून जात होती. गाणे आपले, लाख आपली, ऐकणारे आपण, आणि मधला सगळा नफा परक्यांचा! मँचेस्टरच्या कापडाची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही वेगळी समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली. पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, बंगालमध्ये रवींद्रनाथांनी राखीबंधनाचा कार्यक्रम घडवला आणि रस्तोरस्ती गाणी घुमू लागली. स्वदेशीचे आंदोलन बंगालमध्ये जितके भाषणांतून पसरले तितकेच गाण्यांतून. पूर्व बंगालच्या सरकारने वंदे मातरम् च्या घोषणेवर बंदी घातली आणि एप्रिल १९०६ मध्ये बारिसालच्या परिषदेत पोलिसांच्या लाठ्या चालल्या. नेमक्या त्या दिवसांत, १९०६ च्या सुमारास, हेमेंद्रमोहनांनी कलकत्त्याच्या धर्मतळा रस्त्यावरील मार्बल हाऊसमध्ये ‘टॉकिंग मशीन हॉल’ थाटला. तिथे यंत्रे मिळत आणि एच. बोस यांच्या नावाची ध्वनिमुद्रित नळकांडीही मिळत. मालक, आवाज, भाषा आणि विषय सगळे देशी असे हे दुकान होते.

त्यांच्यासाठी रवींद्रनाथ ठाकूर गायले. ‘शहाजहान’ नाटकामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले द्विजेंद्रलाल राय गायले. रवींद्रनाथांच्या तरुण, उंच पट्टीतल्या आवाजातले वंदे मातरम् आज ऐकायला मिळते ते एच. बोस यांच्यामुळेच. ज्या शब्दांसाठी पोरांना शाळेतून काढत होते ते शब्द विकत घेऊन घरी नेता येत होते, दार लावून ऐकता येत होते. सभेत गायलेले गाणे सभेबरोबर संपते. मेणावर कोरलेले गाणे जिथे यंत्र असेल तिथे पुन्हा उभे राहते. हेमेंद्रमोहनांचे देशकार्य हे होते. त्यांनी भाषणे केली नाहीत, दुकान चालवले.

याची किंमत आपल्याला अधिक कळायला हवी, कारण महाराष्ट्राच्या वाट्याला असा माणूस वेळेवर आला नाही. बडोद्यात जन्मलेले भाऊराव कोल्हटकर यांच्या आवाजाने किर्लोस्कर मंडळीचा रंगमंच गाजला. ते १९०१ मध्ये गेले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे जन्मगाव कठोर, म्हणजे आपल्या सुरतेच्या शेजारचे. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे हे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक, ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली देणारे. ते १९२२ पर्यंत हयात होते आणि तोवर तबकड्यांचा बाजार चांगला वीस वर्षांचा झाला होता. तरीही त्यांची एकही तबकडी आपल्याकडे नाही. शिष्यांच्या गाण्यावरून आपण गुरूचा अंदाज करतो, एवढेच.

हेमेंद्रमोहनांची खरी कसोटी पुढे लागली. मेणाचे नळकांडे नाजूक. प्रत्येक वेळी वाजवताना ते थोडे झिजते, आणि मोठ्या कारखान्यातल्या साच्यांशिवाय त्याच्या हजारो प्रती काढणे जिकिरीचे. तबकडी मात्र भाकरीसारखी थापता येते, एकावर एक रचता येते आणि बोटीने पाठवता येते. बाजार तबकडीकडे वळला. तेव्हा हेमेंद्रमोहनांनी फ्रान्सच्या पाथे कंपनीशी करार केला. आपल्या नळकांड्यांवरचे आवाज पॅरिसला पाठवायचे आणि तिथून तबकड्या छापून आणायच्या. १९०८ च्या सुमारास ‘पाथे–एच. बोस’ नावाच्या तबकड्या कलकत्त्यात आल्या.

यात एक मेख होती. पाथेच्या तबकडीची रेघ खोल-उथळ कोरलेली असे, तर ग्रामोफोन कंपनीची डाव्या-उजव्या बाजूला नागमोडी. पाथेच्या तबकडीला पोलादी सुई चालत नसे, नीलमण्याचा गोल खडा लागे. शिवाय त्या काळची पाथेची तबकडी आतून सुरू होऊन बाहेर जायची. म्हणजे ज्याच्या घरी नेहमीचा ग्रामोफोन होता त्याला एच. बोस यांची तबकडी आणून उपयोग नव्हता. त्याने एकतर वेगळे यंत्र घ्यावे किंवा जोडणी बदलून घ्यावी. स्वदेशीवर प्रेम असलेला गृहस्थही दोनदा खर्च करताना विचार करतोच.

त्याच १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यातच, सियालदहला, तबकड्यांचा कारखाना सुरू केला. आता परदेशी कंपनीचा माल कलकत्त्यात तयार होऊ लागला आणि स्वदेशी व्यापाऱ्याचा माल पॅरिसहून येऊ लागला! इतका उलटा फेरा क्वचितच पाहायला मिळतो. वर राजकीय वाराही पडला. सुरतेच्या फुटीनंतर सहा महिन्यांत लोकमान्यांना अटक झाली आणि जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन पुढे ते मंडालेला गेले. बंगालमध्ये अरविंदांना तुरुंगात टाकले. स्वदेशीची गाणी उघडपणे विकण्याचे दिवस संपले. एच. बोस यांचा रेकॉर्डचा धंदा त्यानंतर फार तग धरू शकला नाही. तेल, अत्तर आणि छापखाना यांनी घर सावरले. ऑगस्ट १९१६ मध्ये हेमेंद्रमोहन गेले. वय पन्नाशीच्या थोडे पुढे.

मागे राहिलेल्या नळकांड्यांचे काय झाले? बंगालची हवा आपल्या सुरतेसारखीच, दमट. मेणावर बुरशी धरली, रेघा खाल्ल्या गेल्या. काही फुटली, काही टाकून दिली गेली. पॅरिसला जाऊन तबकडी होऊन आलेले थोडे आवाज वाचले. म्हणजे ज्या परदेशी छपाईने धंदा अडचणीत आणला तिनेच रवींद्रनाथांचा तरुण आवाज आपल्यासाठी राखला. इतिहास असा सरळ हिशेबात बसत नाही.

घरात पेरलेले मात्र वाया गेले नाही. त्यांचे चिरंजीव नितीन बोस चित्रपट दिग्दर्शक झाले आणि दुसरे चिरंजीव मुकुल बोस ध्वनिमुद्रक. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या हिंदी ‘धूप छाँव’मध्ये या भावांनी गाणे आधी मुद्रित करून पडद्यावरच्या नटाच्या ओठांवर बसवले. हिंदी चित्रपटात पार्श्वगायनाची सुरुवात इथून मानतात. मंगेशकर भगिनींपासून आजवरचे सगळे पार्श्वगायन त्या वाटेने आले. ‘गंगा जमना’चे दिग्दर्शकही हेच नितीन बोस, आणि पुढे त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. कन्या मालती घोषाल रवींद्रसंगीताच्या नामवंत गायिका झाल्या. बाकीच्यांत क्रिकेटपटूही निघाले.

देशी रेकॉर्ड कंपनीचे स्वप्नही पुन्हा उगवले. १९३२ मध्ये कलकत्त्यात ‘हिंदुस्थान रेकॉर्ड’ निघाली. वयाच्या सत्तरीत आलेले रवींद्रनाथ तिच्यासाठी पुन्हा कर्ण्यासमोर, म्हणजे आता मायक्रोफोनसमोर, बसले. कुंदनलाल सैगल यांना लोकांपुढे आणले तेही याच कंपनीने. तरी तिच्या तबकड्या छापायला ग्रामोफोन कंपनीच्या डमडमच्या कारखान्यातच जावे लागे. मुंबईत १९३५ च्या सुमारास ‘यंग इंडिया’ या छापाने वडाळ्याला स्वतःचा कारखाना काढला आणि सुमारे वीस वर्षे अनेक मराठी, गुजराती कलावंतांचे आवाज तिथे छापले गेले. तीस वर्षांपूर्वी हेमेंद्रमोहनांच्या साखळीत जी कडी कमी होती ती ही.

सुरतेच्या माणसाला ही कडी लगेच ओळखू येईल. इथे हिऱ्याला पैलू पडतात, पण कच्चा हिरा बाहेरून येतो. इथे कापड विणले जाते, पण सूत कुठून येते आणि भाव कोण ठरवतो यावर दिवाळी अवलंबून असते. कारागिरी आपल्या हाती असली म्हणजे धंदा आपला झाला असे नव्हे. हेमेंद्रमोहनांकडे गायक होते, गाणी होती, दुकान होते, ग्राहक होते, जाहिरातीची बुद्धी तर अशी की आजच्या कंपन्यांनी शिकावी. छापण्याचे यंत्र मात्र दुसऱ्याच्या अंगणात होते. त्यांना अपयशी म्हणायला आमचे मन धजत नाही. त्यांनी हात घातला नसता तर १९०५ ते १९०८ या वर्षांचा बंगाल आज आपल्याला नुसताच वाचावा लागला असता, ऐकायला मिळाला नसता.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्यापैकी अनेकांची चौथी पिढी या गावात वाढते आहे. नातवंडे गुजराती सफाईने बोलतात, इंग्रजी शाळेत जातात, मराठी समजतात पण बोलताना अडखळतात. आजीची ओवी, खानदेशातून आलेल्या आजोबांची अहिराणी, जुन्या भजनी मंडळातल्या बुवांचा गजर, मंडळाच्या रौप्यमहोत्सवातले नाट्यगीत, हे सगळे कधीतरी कुणीतरी टेपवर घेतलेले असते. ती कॅसेट कपाटात असते आणि वाजवायला टेपरेकॉर्डर नसतो, हीच ती नीलमण्याच्या खड्याची अडचण. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा फर्निचरचा हिशेब सगळ्यांनी मांडला, वाहून गेलेल्या आवाजांचा कुणी मांडला नाही. जे उरले ते दर पावसाळ्यात थोडे थोडे जाते आहे. कॅसेटच्या फितीवरही बुरशी धरतेच.

म्हणून यंदाच्या उत्सवात आम्ही एक साधी विनंती करत आहोत. घरातल्या जुन्या कॅसेटा आणि टेपची रिळे शोधा. कोणाचा आवाज आहे, कधीचा, कुठला, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, कारण नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला परका वाटतो. आतली फीत चिकटली असेल तर घाईने वाजवून पाहू नका, आधी जाणकाराला दाखवा. दहा दिवस मंडपात कार्यकर्ते त्या उतरवून घेण्याची व्यवस्था करतील. मूळ कॅसेट तुम्हाला परत मिळेल, एक प्रत तुमच्याकडे आणि एक मंडळाकडे राहील. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी तर कॅसेटही शोधायची गरज नाही. फोन खिशातच आहे. विसर्जनापूर्वीची एखादी दुपार काढून त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांना येत असेल ते म्हणायला सांगावे.